शिदोरी अजून गरम होती

१

रवीच्या पिशवीत भाकरीची शिदोरी सापडली आणि ती अजून गरम होती. एवढ्याशा गोष्टीवरून वर्षा राठोडचा संसार मोडायला निघाला होता, आणि त्याच्याबरोबर आमचं नाटकही.

आमचं म्हणजे मुकुटबनच्या नाट्यमंडळाचं. मी धम्मरत्न, हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि मंडळात प्रॉम्प्टर आहे. म्हणजे पडद्याआड स्टुलावर बसून, विसरलेल्यांना त्यांची वाक्यं पुरवतो. त्यातली निम्मी मेहनत माझ्या सख्ख्या आत्यावर जाते. कौसल्याआत्या वणीच्या पोलीस ठाण्यातून हवालदार म्हणून रिटायर झाली. नाटकात ती दासी होते. दोनच वाक्यं आहेत तिला, आणि दर वर्षी ती दुसरं वाक्य आधी बोलते.

दिवाळीनंतर आम्ही दर वर्षी एकच नाटक करतो. गावात त्याला किल्लेदाराचं नाटक म्हणतात. किल्लेदाराची बायको चंद्रा, तिचा भाऊ बंडखोर, किल्ल्याखालच्या दरीत लपलेला. कोणाला सांगणार नाही असं तिनं भावाला वचन दिलेलं असतं. रोज ती मागच्या दारानं त्याला शिदोरी पोचवते. दिवाण हे पाहतो आणि किल्लेदाराच्या कानाला लागतो. गंमत अशी की दिवाण एकही शब्द खोटा बोलत नाही. शिदोरी जाते, एवढंच सांगतो. कोणाकडे जाते ते सांगत नाही. बाकीचं काम किल्लेदाराचं डोकं करतं. शेवटी तो चंद्रावर कट्यार चालवतो. मरता मरता ती शिदोरीचं एक टोक ओढते, फडकं सुटतं, आणि भाकरीवरून राखी घरंगळत बाहेर येते. तिथं आमच्याकडचे लोक दर वर्षी रडतात, पाठ असून रडतात.

चंद्रा इतकी वर्षं नागोराव करायचे. हो, पुरुष. मंडळाचे सर्वेसर्वा, एकटा जीव, पेटीही तेच वाजवतात, रंगही तेच लावतात. यंदा मात्र जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं आणि सगळ्यांनी हट्ट धरला की बाईचं काम बाईनंच करावं. किल्लेदार करणारा बादल राठोड बंजारा तांड्यावरचा, टेम्पोवाला. त्याची बायको वर्षा तयार झाली. तांड्यावरची बाई पहिल्यांदा स्टेजवर चढणार होती, आणि तिची सासू सुखीबाई स्वतः तिला तालमीला घेऊन यायची. वर्षाला सगळं जमलं, फक्त ती शेवटची शिदोरी जमेना. ओढली की सुटायच्या जागी आणखी आवळायची. नागोराव कपाळाला हात लावायचे आणि आम्ही हसायचो.

शनिवारी प्रयोग, म्हणून बुधवारी समाजमंदिरात रंगीत तालीम होती. कट्यारीची मूठ निघाली म्हणून बादलनं चिकटपट्टी शोधायला रवीची पिशवी उघडली. रवी आमचा दरीतला भाऊ. वीज मंडळात लाइनमन, गाव त्याचं उमरखेडकडचं, इथं खोली करून एकटा राहतो. पिशवीत पट्टी होती, आणि तिच्याखाली आरशांचं भरतकाम केलेल्या फडक्यात बांधलेली शिदोरी. फडकं वर्षाच्या हातचं. बादल एक शब्द बोलला नाही. तालीम पुरी केली, शिदोरी टेम्पोत ठेवली, आणि सकाळी बायकोला झरीकडच्या तांड्यावर माहेरी सोडून आला.

गुरुवारी मी चहा पीत होतो तोच सुखीबाई आत्याच्या दारात उभी. डोळे सुजलेले.

"कौसल्याबाई, उद्या सांजच्याले नाईकाच्या घरासमोर नसाब बसून राह्यली," ती म्हणाली. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक, नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. "बादल तिथं सांगनार हाये का आता नांदवत नाही म्हणून. एकदा चारचौघात तोंडातून निघालं तं वापस नाही येत वो. पोरगी वाईट नाही माह्यी. मले माहीत हाये."

आत्यानं बडीशेपेची डबी बंद केली. "धम्मा, गाडी काढ," ती म्हणाली.

२

बादल जिनिंगच्या आवारात टेम्पोत बसला होता. मागे कापूस भरलेला, पुढे हा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलेला. आम्हाला पाहून खाली उतरला.

"याडीनं पाठवलं ना?" तो म्हणाला. आईला ते याडी म्हणतात.

"मी माह्या मनानं आली," आत्या म्हणाली. "ते शिदोरी कुठं हाये?"

त्यानं सीटमागून काढली. उद्या नसाबीत दाखवायला जपून ठेवली होती. लाल फडकं, काठाला गोल आरसे. आत्यानं ती हातात फिरवली, वास घेतला, गाठीवरून अंगठा फिरवला.

"सोडली नाही?"

"कायले सोडू? फडकं तिचं हाये, वास भाकरीचा येते. अजून काय पाह्याचं?"

"असे फडके मंडळाच्या सामानाच्या पेटीतही हायेत. वर्षानंच देल्ले नाटकासाठी."

बादलनं तोंड फिरवलं. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही, त्याला ते येऊ द्यायचं नव्हतं. मला त्याचा राग आला. शाळेत माझ्याच वर्गात होता तो, तेव्हाही गणित चुकलं की पाटी पालथी घालायचा.

"तुले संशय कवापासून हाये?" आत्यानं विचारलं.

"आपला दिवाण, शाम, म्हणे एक दिवस, का किल्लेदारसाहेब, रवी तालमीनंतर कोनट्यात बसून भाकर खाते, घरची दिसते. मी हसण्यावारी नेलं. पण मंग ध्यान जाऊ लागलं."

"अन् नागोभाऊ? ते तं तुह्ये गुरू. त्याईले नाही इचारलं?"

"काकानं तं मले समजावलं. म्हणे, बादल, मनात काही आणू नको. वर्षा रवीसंग हसते तं हसू दे. मागं दोघं बसते तं बसू दे. नाटकात असं असते, म्हणे." बादलनं टायरला लाथ मारली. "मी किती दाबलं मनात. त्या दिवशीही काकाच म्हणे, रवीच्या पिशवीत पट्टी असंन, पाह्य. माह्यं नशीब, का तिथंच हे निघालं."

आत्यानं शिदोरी तळहातावर तोलली. मग म्हणाली, "हातात घेतली तवा गरम होती?"

"ऊन होती. आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखी."

"अन् तू दिवसभर कुठं होता?"

"वणीले गेलतो, कापूस घेऊन. तिकूनच सिध्धा तालमीले आलो."

"हे शिदोरी मी नेतो," आत्या म्हणाली. "उद्या नसाबीच्या आधी तुले देतो. अन् गाठ कोणी सोडणार नाही, मीही नाही."

३

रवी खांबावर चढला होता. खाली उतरला तेव्हा त्याला सगळं माहीत झालेलं होतं; चेहरा पार उतरलेला.

"आत्याबाई, मी वहिनीकडं वर मान करून पाह्यलं नाही कधी," तो म्हणाला. "दसऱ्यापासून पिशवीत शिदोरी निघे. कवा निघे, कवा नाही. फडकं वहिनीचं, म्हणून मले वाटलं त्याच पाठवते. एकटा पोट्टा हाये, ड्युटीवरून उपाशी येते, असं वाटलं असंन."

"मंग थँक्यू नाही म्हटलं?"

"शरम वाटे. बादलसमोर कसं म्हणू? बादल नसला तं अजून कसं म्हणू?" तो म्हणाला. "फडकं मी धुवून, घडी करून पेटीत ठेवून द्याचो. चुकलं माह्यं. पहिल्याच दिवशी सगळ्याईसमोर इचाराले पाह्यजे होतं."

"पेटीले कुलूप असते?"

"कायचं कुलूप वो? सगळेच हात घालते."

मला तो खरा वाटला. पण नाटकात आमचा दिवाणही खरा वाटतो, म्हणून मी मत राखून ठेवलं. आणि दिवाणाचं नाव निघालं की शाम. माझा संशय सुरुवातीपासून त्याच्यावर होता, आणि ते मी आत्याला गाडीवर तीनदा सांगितलं होतं. मागच्या वर्षीपर्यंत किल्लेदार शामच होता. यंदा बादलचा आवाज सरस ठरला म्हणून शामला दिवाण व्हावं लागलं. शिवाय त्याचं बस स्टँडवर हॉटेल, समाजमंदिरापासून हाकेच्या अंतरावर. गरम भाकर त्याच्याइतकी सहज दुसऱ्या कोणाला मिळणार?

शाम कढईसमोर उभा होता. आत्याला पाहून म्हणाला, "आले का मले पकडाले? या. दिवाण झालो तवापासून गावातल्या बाया माह्या हॉटेलात पाय ठेवून नाही राह्यल्या. माह्यी बायको सुद्धा म्हणते, तुमी बोलता खरं, पण भेव वाटते."

"तूच बादलले सांगतलं ना?"

"सांगतलं. मस्करी केली. रवी भाकर खाऊन राह्यलाता, मी पाह्यलं, बोललो. आता जीभ कापून टाकाव वाटते." बोलता बोलता त्यानं भजी कागदात गुंडाळली, वरून रिळाचा दोरा गरागरा फिरवला आणि गाठ न मारताच दातानं तोडला. "पार्ट गेला त्याचं दुःख झालं मले, खोटं नाही बोलत. पण वर्षाले काढून मले कोणता पार्ट भेटनार होता? किल्लेदार तं बादलच राह्यला असता."

आत्यानं भज्याचं पुडकं घेतलं, दोऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. गाडीवर बसल्यावर म्हणाली, "धम्मा, तुह्या शामनं एक गोष्ट शहाणपणाची सांगतली. वर्षा गेली तं पार्ट कोणाले भेटते?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. "नाटकच बंद पडेल."

मी भूगोलाचा मास्तर आहे. माझ्या डोळ्यासमोर नकाशा ठेवला तरी कधी कधी गाव दिसत नाही.

४

तांड्यावर सुखीबाईनं आम्हाला अंगणात खाट टाकून दिली. चहा ठेवला आणि तिचं रडणं पुन्हा सुरू झालं.

"बुधवारचं सांग मले," आत्या म्हणाली. "सकाळपासून."

"बुधवारी कोणाचं काय सांगू बापा. आदल्या रात्री आमचा सेवादास आजा गेला. तांड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याचे पोरं पुण्याहून येईपर्यंत दुपार ढळली. मंग नेला. माह्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता, डोकं धरलं."

"वर्षानंही खाल्लं नाही?"

"कुठून खाते? मयत घरात असली तं अख्ख्या तांड्यात चूल नाही पेटत आमच्यात. अन् त्या दिवशी नेल्यावरही नाही पेटवत. रात्री सोयऱ्याच्या तांड्यावरून जेवण येते, ते खावं. मी तं म्हणत होती तालमीले जाऊच नको. पण आजा जाताजाता म्हणे ना, का मले पोरगी नाटकात पाह्याची हाये. म्हणून आंघोळ करून आमी दोघी तशाच निघालो. रस्त्यानं मी तिचा हात धरून चालली, चक्कर येत होती मले."

आत्यानं कप खाली ठेवला. मीही ठेवला. इतकं तर मलाही कळलं.

"सुखीबाई," आत्या हळूच म्हणाली, "म्हणजे बुधवारी तुमच्या तांड्यात एकाही घरी भाकर थापली नाही."

"एकाही नाही."

"अन् तू तिच्यासंग होती, घरापासून तं समाजमंदिरापर्यंत."

"हात धरून. सांगतलं ना."

सुखीबाईला अजून उमगलं नव्हतं. आत्यानं तिला जवळ घेऊन सांगितलं तेव्हा ती आधी हसली, आणि मग असा काही हंबरडा फोडला की शेजारच्या बाया धावत आल्या. आनंदाचाच होता तो, पण त्यात मुलाविषयीचा संतापही होता. "त्याले माहीत होतं!" ती म्हणत राहिली. "त्याले फोन केला होता मी वणीले, आजा गेला म्हणून! माह्या पोराले माहीत होतं!"

वर्षा सुटली. पण शिदोरी आपोआप पिशवीत येत नाही. कोणीतरी बुधवारी संध्याकाळी चुलीपुढे बसलं होतं, आणि त्या माणसाला तांड्यावरच्या मयतीची खबर नव्हती.

५

समाजमंदिराच्या मागेच नागोरावांचं घर. ते चुलीपुढे पाटावर बसून भाकरी थापत होते. सत्तरीला आलेले, तरी हात असे फिरत की पाहत राहावं. आमच्या गावात लग्नाच्या मुलींना अजून सांगतात, भाकर शिकायची तर नागोरावांकडे जा.

"या कौसल्याबाई, या मास्तर," ते म्हणाले. "बसा. ऐकलं मी. माह्या नाटकाचं तं वाटोळं झालं."

"नाटकाचं जाऊ द्या, पोरीचं पाहा," आत्या म्हणाली.

"तेच म्हणतो. मी बादलले किती सांगतलं, मनात काही आणू नको." भाकर तव्यावर पडली, पाणी फिरलं. "आता शनिवारी लोकं येतीन, त्याईले काय सांगाव? कोणी म्हणते, नागोराव, तुमीच उभे राहा. पाठ तं हायेच मले. पण या वयात..." ते थांबले आणि भाकर उलटली. "पाहू. मंडळाची इज्जत राखाव लागंन तं राखाव लागंन."

मला भरून आलं. केवढा मोठा माणूस, असं वाटलं. घरात भिंतीवर त्यांचे जुने फोटो होते, शालू नेसलेले, नथ घातलेले, एका फोटोत डोळ्यात खरं पाणी. खालच्या फळीवर शालूची घडी आणि विग नीट विंचरून ठेवलेला होता. वर्षाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा हे सगळं माळ्यावर गेलं होतं, मीच शिडी धरली होती. मी ते पाहिलं आणि पुढच्या फोटोकडे वळलो.

आम्ही ठेच्याशी भाकर खाल्ली. अप्रतिम होती. निघताना आत्या म्हणाली, "नागोभाऊ, दोन भाकरी बांधून द्या ना. सकाळच्याले होते मले."

"देतो, त्यात काय," ते म्हणाले, आणि खुंटीवरचं फडकं ओढून बांधून दिल्या. बोलणं चालूच होतं त्यांचं, हाताकडे लक्षही नव्हतं.

घरी आल्यावर आत्यानं दोन्ही शिदोऱ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक बादलची, एक आजची. चष्मा लावला, खाली वाकून पाहिलं, मग खुर्चीत मागं टेकून बसली. तिला इतकं उदास मी क्वचित पाहिलं होतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "सकाळी सगळ्याईले समाजमंदिरात बोलाव. अन् नाटकातली शिदोरी पेटीतून काढून ठेव. बुधवारी वर्षानं बांधली ते, जशी हाये तशी."

६

शुक्रवारी सकाळी समाजमंदिरात आम्ही सात जण होतो. बादल एका टोकाला, रवी दुसऱ्या टोकाला, मधे शाम. सुखीबाई मुलाकडे पाठ करून बसलेली. नागोराव बाजाच्या पेटीजवळ आपल्या जागेवर. टेबलावर तीन शिदोऱ्या.

आत्यानं आधी चुलीची गोष्ट सांगितली. सांगून होईपर्यंत बादलची मान खाली गेली होती.

"मले फोन आलता," तो पुटपुटला. "आजा गेला म्हणून. मी... मले सुचलंच नाही."

"सुचू देल्लं नाही तू," आत्या म्हणाली. "आता इकडं ये. हे वर्षाची शिदोरी, नाटकातली. बुधवारी तिनं सगळ्याईसमोर बांधली. एक टोक ओढ."

बादलनं ओढलं. गाठ आवळली. आणखी ओढलं, आणखी आवळली.

"बाया अशीच बांधते," आत्या म्हणाली. "शेतात नेयाची, बसमध्ये डोक्यावर धराची, रस्त्यात सुटली तं भाकर मातीत. लहानपणापासून हाताले तेच वळण. वर्षाले म्हणून तं नाटकातली गाठ जमत नव्हती. आता हे तुह्यी, रवीच्या पिशवीतली. तू सोडूनही पाह्यली नाही ते. ओढ."

बादलनं टोक धरलं आणि जरासं ओढलं. फडकं फुलासारखं उघडलं. दोन दिवसांची भाकर, कडेला वाळलेला ठेचा. ही हालचाल आम्ही सगळ्यांनी दर वर्षी पाहिली होती, लाल दिव्यात, रडत रडत.

"अन् हे तिसरी," आत्या म्हणाली, "काल मले बांधून भेटली. मीच ओढतो." तीही तशीच उघडली.

ती नागोरावांकडे वळली नाही. आम्ही सगळे वळलो.

नागोराव आपल्या हातांकडे पाहत होते. "मले आठवतही नाही कशी बांधतो ते," ते म्हणाले. "हात आपल्या मनानं बांधते."

"काका?" बादल म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"मी तुले काहीच खोटं सांगतलं नाही, बादल. एक शब्द नाही."

"दिवाणही सांगत नाही," आत्या म्हणाली. "हसू दे म्हटलं, म्हणून त्याले हसणं दिसलं. बसू दे म्हटलं, म्हणून बसणं दिसलं. पिशवीत पट्टी हाये म्हटलं, तं होतीच पट्टी."

नागोरावांनी पेटीचा भाता उगाच दाबला, सूर न लावता. "पहिल्या तालमीले लोकं पाह्याले आलते," ते म्हणाले. "वर्षा बोलली, अन् मागून कोणीतरी म्हणालं, आता आली खरी चंद्रा. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खरी चंद्रा! म्हणजे मी काय खोटी होती का? जन्मभर? मी लग्न केलं नाही, मिशी ठेवली नाही, गावानं मागं काय काय म्हटलं ते ऐकून घेतलं, कायच्यासाठी?" त्यांनी भाता सोडून दिला. "मले इतकंच पाह्यजे होतं का बादलनं म्हणाव, बायकोले नाटकात नाही पाठवत. बस. त्याच्या पुढं जाईन असं वाटलं नव्हतं. मंग नसाबीचं ऐकलं, अन् तोंड उघडाची हिंमत नाही झाली."

"पण विग तं खाली काढला," आत्या म्हणाली.

"हाव," नागोराव म्हणाले. "काढला."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

बादल उठून त्यांच्या अंगावर जाईल असं वाटलं. शामनं दंड धरला त्याचा. पण आत्या मधे उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नागोभाऊनं शिदोरी ठेवली. ते पाप त्याईचं. पण वर्षाले टेम्पोत बसवून माहेरी कोणं नेलं? तिले एक तरी शब्द इचारला होता?"

बादल खाली बसला. सुखीबाईनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड केलं. "उठ," ती म्हणाली. "टेम्पो काढ. मी येतो संग."

७

नसाब बसली, पण वेगळ्या कामासाठी. नाईकासमोर बादलनं हात जोडून स्वतःची चूक सांगितली, शब्द न चोरता. वर्षा आली होती, वडिलांबरोबर, बायांमधे बसली होती. नाईकानं तिला विचारलं, नांदणार का? ती म्हणाली, "नाटक करीन. बाकीचं नाटकानंतर सांगीन."

शनिवारी संध्याकाळी तिनं नागोरावांकडूनच रंग लावून घेतला. तिनं हनुवटी जराही हलू दिली नाही. शिदोरी बांधायची वेळ आली तेव्हा नागोराव म्हणाले, "पोरी, आण, मी बांधून देतो. सुटली नाही तं सीन जाईन."

"राहू द्या काका," वर्षा म्हणाली. "माह्यी मी बांधीन."

आणि तिनं तिच्या पद्धतीनं बांधली, शेतात न्यायची तशी. मी पडद्याआडून पाहत होतो; ही गाठ सुटणार नाही हे मला दिसत होतं. आत्यानं आपली दोन वाक्यं यंदाही उलटी म्हटली आणि ते मला कळलंसुद्धा नाही.

शेवटचा प्रवेश आला. कट्यार चालली. चंद्रा कोसळली, तिनं शिदोरीचं टोक ओढलं, आणि गाठ सुटली नाही. तिनं पुन्हा ओढलं नाही. शिदोरी तशीच किल्लेदाराच्या दिशेनं सरकवली आणि हात खाली टाकला.

पुस्तकात यापुढे काही नव्हतं. बादलनं माझ्याकडे पाहिलं. मी पानं उलटली, आणि मग पुस्तक मिटलं. त्याला पुरवायला माझ्याकडे वाक्य नव्हतं.

तो गुडघ्यावर बसला. शिदोरी मांडीवर घेतली आणि गाठ सोडायला लागला. नखानं सुटेना. दातानं धरली, ओढली, पुन्हा नखं लावली. समोर हजारभर माणूस, एक खोकला नाही. किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी गाठ सैल झाली, फडकं उघडलं, आणि राखी त्याच्या तळहातावर आली. बादल जे रडला ते किल्लेदाराचं रडणं नव्हतं, आणि हे पुढच्या रांगेतल्या सुखीबाईला, मला, सगळ्यांना कळत होतं. विंगेत नागोराव भिंतीला टेकून उभे होते. "मले हे कधी सुचलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "इतल्या वर्षांत नाही सुचलं."

प्रयोग संपल्यावर मी सामान आवरत होतो. बादल टेम्पोपाशी उभा होता, दाताला लागलेलं फडक्याचं सूत काढत. वर्षा रंग पुसून आली. दोघांत चार हातांचं अंतर.

"इतली घट्ट कायले बांधलीती?" त्यानं विचारलं.

"तुले सोडून पाह्याची सवय नाही, म्हणून," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. तिनं सासूला हात देऊन आधी वर चढवलं, स्वतः चढली, आणि आतून म्हणाली, "चाल आता. याडीनं दुपारपासून काही खाल्लं नाही. घरी जाऊन चूल पेटवाची हाये."